बाबांचा पीसी म्हातारा झालेला नाही

दिवाळीच्या आधीचा रविवार. १२ ऑक्टोबर २०२५. आई माळ्यावरची पितळी भांडी खाली काढत होती, मी शिडी धरून उभा होतो, आणि आतल्या खोलीतून बाबांची हाक आली, "अरे, जरा इकडे ये. कॉम्प्युटर काहीतरी म्हणतोय."

कॉम्प्युटर म्हणत होता की विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबरला संपतोय. म्हणजे परवा. आणि खाली अगदी नम्र भाषेत लिहिलं होतं की तुमचा पीसी विंडोज ११ साठीच्या किमान अटी पूर्ण करत नाही.

"बिघडलाय का?" बाबांनी विचारलं.

"नाही बाबा, काही बिघडलेलं नाही."

"मग?"

या "मग?" चं उत्तर मला तिथल्या तिथे देता आलं नाही. सहा वर्षं आयटीत घालवून, रोज दहा तास हेच करून, घरच्या पीसीबद्दल विचारलेल्या एका शब्दाच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. नंतरचे तीन-चार वीकएंड त्यातच गेले. उत्तर सापडलं, आणि जसजसं सापडत गेलं तसतसं डोकं फिरत गेलं. म्हणून आज हे लिहितोय.

आधी आरोपीची ओळख करून देतो. हा पीसी २०१७ सालचा. मी तेव्हा इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होतो. बाबा आणि मी पुण्यात बुधवार पेठेतल्या तापकीर गल्लीत उभे राहून एकेक पार्ट घेतला होता. इंटेलचा आय५-७४००, ८ जीबी रॅम, एक टीबीची हार्ड डिस्क. दुकानदाराने विंडोज "टाकून" देण्याची ऑफर दिली. (म्हणजे काय ते तुम्हाला ठाऊक आहे. माझ्या हॉस्टेलच्या मजल्यावर एकाच्याही मशीनवर विकत घेतलेलं विंडोज नव्हतं, माझ्या तर नव्हतंच.) बाबांनी मात्र ऐकलं नाही. आयुष्यभर बँकेत नोकरी केलेला माणूस. "चोरीचं घरात नको," म्हणाले, आणि सात-साडेसात हजार रुपये जास्तीचे मोजून परवाना घेतला. मला त्या वेळी हे पैसे अक्षरशः पाण्यात गेल्यासारखे वाटले होते. तेवढ्यात चांगलं ग्राफिक्स कार्ड आलं असतं! :-)

आठ वर्षं झाली. मी नोकरीला लागलो, लॅपटॉप कंपनीचा मिळाला, आणि तो पीसी पूर्णपणे बाबांचा झाला. ते त्यावर सोसायटीचे हिशेब करतात, नोटिसा टाइप करतात, बुद्धिबळ खेळतात, आणि गेली सहा वर्षं आजोबांच्या आठवणी लिहितायत. एवढ्या कामाला तो पीसी आठ वर्षांपूर्वी जेवढा पुरत होता तेवढाच आजही पुरतो. मग तो "पात्र" का नाही?

तर आता थोडं तांत्रिक. कंटाळू नका, कारण खरी गंमत इथेच आहे.

विंडोज ११ आलं ५ ऑक्टोबर २०२१ ला. त्याच्या अटींपैकी दोन महत्त्वाच्या. एक, टीपीएम २.० हवं, म्हणजे पासवर्ड-किल्ल्या सांभाळणारी छोटी सुरक्षित तिजोरी. दोन, प्रोसेसर ठरलेल्या यादीतला हवा. इंटेल असेल तर ढोबळमानाने आठव्या पिढीपासून पुढचा, एएमडी असेल तर रायझन २००० पासून पुढचा. आणि कारण काय दिलं? सुरक्षा.

सुरक्षेला माझा विरोध असायचं कारणच नाही. पण बाबांच्या पीसीत टीपीएम २.० आहे. इंटेलच्या त्या पिढीच्या बोर्डांवर बायोसमध्ये पीटीटी नावाचा पर्याय असतो, तो चालू केला की तिजोरी हजर. दोन मिनिटांचं काम. मी केलं. पहिली अट पूर्ण झाली. तरी उत्तर तेच, प्रोसेसर यादीत नाही.

बरं, यादीत का नाही? सातवी पिढी सुरक्षेत कमी पडते का? विंडोजमध्ये "मेमरी इंटिग्रिटी" नावाचा प्रकार आहे. कर्नलमध्ये भलताच कोड घुसू नये म्हणून ठेवलेला पहारेकरी. हा पहारेकरी मशीन फार हळू न करता चालायचा असेल तर प्रोसेसरमध्ये एक खास सोय लागते. मायक्रोसॉफ्टच्याच कागदपत्रांत लिहिलंय की इंटेलमध्ये ही सोय केबी लेकपासून, म्हणजे सातव्या पिढीपासून आहे, आणि एएमडीमध्ये झेन २ पासून. आता यादी पुन्हा बघा. ज्या इंटेलमध्ये सोय आहे ती सातवी पिढी बाहेर. आणि ज्या एएमडीत ती सोय नाही ते झेन प्लसवाले रायझन २००० आत! सुरक्षा हाच निकष असता तर ही रेष नेमकी उलटी पडायला हवी होती की नाही?

आणि हा किस्सा तर मला फारच आवडला. ऑगस्ट २०२१ मध्ये मायक्रोसॉफ्टने सांगितलं की आम्ही सातव्या पिढीचा फेरविचार केला. त्यातून काही महागडे वर्कस्टेशनवाले प्रोसेसर आत घेतले, आणि सर्वसाधारण लॅपटॉपवाल्यांमधला जवळपास एकच, आय७-७८२०एचक्यू, तोही निवडक मशीनांपुरता. हा कुठे असतो? मायक्रोसॉफ्ट स्वतः त्या वेळी विकत असलेल्या सरफेस स्टुडिओ २ मध्ये. म्हणजे परीक्षेचा पेपर काढणाऱ्याचा मुलगा तेवढा पास झाला. बाकी वर्ग नापास.

त्याच वेळी एक आकडाही दिला होता. अटी पूर्ण न करणाऱ्या मशीनांवर कर्नल क्रॅश ५२ टक्के जास्त होतात, आणि पूर्ण करणाऱ्यांचा अनुभव ९९.८ टक्के क्रॅशमुक्त असतो. ५२ टक्के! ऐकायला केवढं भयंकर वाटतं. पण कागद-पेन्सिल घ्या. ९९.८ टक्के ठीक, म्हणजे गडबड ०.२ टक्के. त्याच्या ५२ टक्के जास्त म्हणजे साधारण ०.३ टक्के. (ढोबळ हिशेब आहे, मोजण्याची पद्धत थोडी वेगळी असू शकते. पण चित्र तेच राहतं.) म्हणजे नापास मुलांना ९९.७ टक्के पडले होते. आमच्या कॉलेजात एवढ्यावर पेढे वाटले असते.

आता कुणी म्हणेल, अरे बाबा, जुनं सॉफ्टवेअर जन्मभर कुणी सांभाळायचं? हा प्रश्न मात्र मी टाळणार नाही, कारण या बाबतीत माझे हात स्वच्छ नाहीत.

गेल्या वर्षी आमच्या प्रॉडक्टची एक जुनी आवृत्ती आम्ही बंद केली. क्लायंटना जाणारा मेल मीच लिहिला. "आपल्याला अधिक चांगला अनुभव देण्यासाठी" असं सुरू होणारा. खरं कारण काय होतं? दोन इंजिनिअर त्या जुन्या कोडमध्ये अडकून पडले होते आणि मॅनेजरला ते नव्या कामावर हवे होते. बस. मेल लिहिताना मला काहीच वाटलं नव्हतं. पलीकडे कुठेतरी एखादे बाबा असतील आणि ते आपल्या मुलाला "मग?" असं विचारतील, हे डोक्यात सुद्धा आलं नाही. तेव्हा जुन्याचा भार काय असतो हे मला पक्कं माहीत आहे. विंडोज १० आलं २९ जुलै २०१५ ला. दहा वर्षं सांभाळलं, हे कमी नाही. मान्य.

पण इथे सांभाळणं थांबलेलंच नाहीये ना! तोच तर मुद्दा आहे. विंडोज १० चे सुरक्षा पॅच १४ ऑक्टोबर २०२५ नंतरही लिहिले जाणार हे मायक्रोसॉफ्टनेच जाहीर केलंय. मोठ्या कंपन्यांनी पैसे भरले तर त्यांना तीन वर्षं, म्हणजे ऑक्टोबर २०२८ पर्यंत मिळतील. पहिल्या वर्षी मशीनमागे ६१ डॉलर आणि दर वर्षी दुप्पट. यंत्रांमध्ये बसवायची विंडोज १० ची एक आवृत्ती आहे, आयओटी एंटरप्राइज एलटीएससी २०२१, तिचा सपोर्ट तर जानेवारी २०३२ पर्यंत. म्हणजे स्वयंपाक होणारच आहे. ताट कुणाला वाढायचं एवढंच ठरवलं जातंय.

घरगुती माणसालाही एक वर्षाची सवलत दिली, १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत. कशी, तर ३० डॉलर भरा. किंवा मायक्रोसॉफ्ट रिवॉर्ड्सचे १००० पॉइंट खर्च करा. किंवा आपल्या पीसीची सेटिंग्ज त्यांच्या क्लाउडवर सिंक करा, मग फुकट. तिन्ही रस्त्यांवर टोलनाका एकच, मायक्रोसॉफ्टचं खातं. आठ वर्षं बाबांनी त्या पीसीवर साधं लोकल खातं वापरलं, नाव आणि पासवर्ड, दोन्ही घरातल्या घरात. आता विकत घेतलेल्या वस्तूचं कुलूप दुरुस्त करून हवं असेल तर आधी लोहाराकडे नाव नोंदवा.

आणि युरोपात? तिथल्या ग्राहक संघटनांनी आवाज उठवल्यावर युरोपीय आर्थिक क्षेत्रातल्या लोकांसाठी ती सिंकची अट काढून टाकली. खातं तिथेही लागतं, पण पैसे नाहीत, पॉइंट नाहीत, सेटिंग्ज क्लाउडवर पाठवणं नाही. सॉफ्टवेअर तेच. पॅच तोच. पॅरिसमध्ये जमतं ते पुण्यात का जमत नाही, याला कुठलंही तांत्रिक कारण नाही. तिथे कुणीतरी मागितलं. आपण मागितलं नाही.

म्हणजे पहिल्या दिवशी जे अशक्य असतं ते कुणी दटावलं की शक्य होतं. हे आपल्याकडेही एकदा झालंय. ऑक्टोबर २०२२ मध्ये आपल्या स्पर्धा आयोगाने अँड्रॉइडच्या प्रकरणात गुगलला १३३७.७६ कोटींचा दंड केला. तोवर फोन कंपन्यांना गुगलची ॲप्स गठ्ठ्यानेच घ्यावी लागायची. गुगल अपिलात गेलं, पण जानेवारी २०२३ मध्ये त्यांनी जाहीर केलं की भारतात फोन कंपन्यांना ॲप्स सुटी घेता येतील आणि नवा फोन लावताना सर्च इंजिन ग्राहकाला निवडता येईल. बघा! काही महिन्यांत झालं.

"एवढा संशय कशाला? कंपन्या काय आपल्या वाईटावर टपल्यात?" असं माझा एक मित्र म्हणाला. टपलेल्या नसतील. पण संशय मी घरी बसून विणलेला नाही, तो त्यांनीच पुरवलाय. २०१६ आठवा. विंडोज १० फुकट देण्याची घाई इतकी होती की ती सूचना लाल फुली दाबून बंद केली तरी अपग्रेडचं वेळापत्रक कायम राहायचं. फुली म्हणजे होकार! कॅलिफोर्नियातल्या एका ट्रॅव्हल एजंट बाईंचा कामाचा पीसी त्यात अडला, त्या कोर्टात गेल्या आणि १०,००० डॉलर मिळवले. म्हणजे २०१६ साली नको म्हणणाऱ्याला जबरदस्तीने वाढलं आणि २०२१ साली हवं म्हणणाऱ्याला पंगतीतून उठवलं.

किंवा मे २०२४. "रिकॉल" नावाची सोय जाहीर झाली. दर काही सेकंदांनी तुमच्या स्क्रीनचा फोटो काढून ठेवायचा, म्हणजे पुढे तुम्हाला शोधता येईल. सुरक्षेतल्या लोकांनी चाचणी आवृत्ती उघडून पाहिली तर या फोटोंमधला सगळा मजकूर साध्या डेटाबेसमध्ये, धड कुलूप न लावता पडलेला. ओरड झाली, सोय मागे घेतली, दुरुस्त केली, "तुम्ही चालू केलीत तरच" अशी अट घातली आणि एप्रिल २०२५ मध्ये पुन्हा आणली. दुरुस्ती चांगली झाली असेल. पण मला सांगा, टीपीएमशिवाय तुमचं घर असुरक्षित आहे असं सांगणारी आणि हा फोटोंचा ढीग उघड्यावर ठेवणारी कंपनी एकच ना?

फक्त मायक्रोसॉफ्टला धरून झोडपतोय असंही नको. डिसेंबर २०१७ मध्ये ॲपलने कबूल केलं की बॅटरी जुनी झाली की आम्ही आयफोनचा वेग कमी करतो. कारण पटण्यासारखं होतं, फोन अचानक बंद पडू नये म्हणून. पण सांगितलं नव्हतं! लोकांना वाटलं फोन म्हातारा झाला, त्यांनी नवे घेतले. खरं तर बॅटरी बदलून भागलं असतं. फ्रान्सने फेब्रुवारी २०२० मध्ये त्यांना अडीच कोटी युरोंचा दंड केला, तो फोन हळू केला म्हणून नव्हे, ग्राहकाला सांगितलं नाही म्हणून. माझी तक्रार नेमकी हीच आहे. कारण असेल तर सांगा. खरं सांगा.

असो. परत आपल्या पीसीकडे.

दिवाळी झाली, बाबांच्या डोक्यात तो प्रश्न राहिलाच. जानेवारीत आम्ही दोघं पुन्हा तापकीर गल्लीत गेलो. "काका, आठ वर्षांपूर्वीचा आहे, काय करावं?" दुकानदारांनी कॅल्क्युलेटर काढला आणि नव्या पीसीचा आकडा सांगितला. बाबा माझ्याकडे बघायला लागले. रॅमचा भाव तर २०२५ च्या उन्हाळ्यात मला फोनवर सांगितला होता त्याच्या दुपटीपेक्षा जास्त. "साहेब, आमच्या हातात काही नाही, सगळी मेमरी एआयवाले उचलतायत," काका म्हणाले. ते खोटं बोलत नव्हते. मेमरी बनवणाऱ्या कंपन्या आपली क्षमता एआयच्या डेटा सेंटरकडे वळवतायत. मायक्रॉनने ३ डिसेंबर २०२५ ला जाहीर करून टाकलं की घरगुती ग्राहकांसाठीचा आपला क्रुशियल हा ब्रँडच आम्ही बंद करतोय. वा! म्हणजे एका बाजूने सांगायचं की जुना टाका, नवा घ्या. आणि दुसऱ्या बाजूने नव्याचा कच्चा माल आधीच दुसरीकडे विकलेला.

आणि जुना टाकायचा कुठे? कॅनालिस या संस्थेने डिसेंबर २०२३ मध्ये अंदाज केला होता की विंडोज १० बंद झाल्यामुळे जगातले सुमारे २४ कोटी पीसी भंगारात निघू शकतात. चोवीस कोटी. त्यातले बहुतेक चालू स्थितीत. जगातल्या ई-कचऱ्याचा संयुक्त राष्ट्रांचा अहवाल सांगतो की २०२२ साली ६.२ कोटी टन ई-कचरा झाला आणि त्यातल्या जेमतेम २२.३ टक्क्यांचं रीतसर रीसायकलिंग झाल्याची नोंद आहे. बाकीचं कुठे जातं? कुठल्यातरी वस्तीत कुणीतरी तारा जाळून तांबं काढतं. मी तिथे राहत नाही, तुम्ही पण नाही. म्हणून "अपग्रेड" हा शब्द आपल्याला गोड लागतो.

आम्ही नवा पीसी घेतला नाही. ५०० जीबीची एसएसडी घेतली, एका मित्राच्या पडून राहिलेल्या मशीनमधली ८ जीबी रॅम घेतली (बदल्यात त्याला मिसळ!) आणि लिनक्स मिंट टाकलं. माझ्याकडे २२ ही आवृत्ती होती, तिचा सपोर्ट २०२९ पर्यंत. हार्ड डिस्कवरून एसएसडीवर गेल्यावर तो पीसी इतक्या पटकन चालू झाला की बाबा म्हणाले, "हा नवीनच आणलास का?"

इथे लेख संपवला असता तर फार छान झालं असतं. "लिनक्स टाका, सुखी व्हा." पण तसं झालं नाही, आणि ते सांगितलं नाही तर मी पण त्या मेलसारखाच खोटा ठरेन.

पहिल्या संध्याकाळी बाबांनी आजोबांच्या आठवणींची फाइल उघडली. स्क्रीनवर इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी! दोनशेच्या वर पानं. बाबांचा चेहरा पाहवला नाही. झालं असं होतं की बाबा बँकेतल्या सवयीने अजूनही युनिकोडच्या आधीचा मराठी फॉन्ट वापरत होते. अशा फाइलमध्ये मराठी नसतंच. आत इंग्रजीचे कोड असतात आणि फॉन्ट त्यांना मराठी अक्षरांचे मुखवटे चढवतो. फॉन्ट नाही तर मराठी नाही. जुन्या डिस्कवरून फॉन्ट आणून बसवला, मग पानं दिसली. पण त्यात टाइप करायचं जे सॉफ्टवेअर होतं ते लिनक्सवर चालेना. शेवटी सगळं युनिकोडमध्ये बदलायला घेतलं. काही जोडाक्षरं मोडली, रफार भलत्याच अक्षरावर गेले, आणि बाबा-मी मिळून ओळन् ओळ तपासतोय. अजून साठेक पानं बाकी आहेत.

या प्रकाराने मला सगळ्यात जास्त हादरवलं. कारण हे बड्या अमेरिकन कंपनीने केलेलं नाही. हे आपल्याकडे, आपल्या भाषेत, आपल्या डोळ्यांसमोर झालंय. महाराष्ट्रभर कचेऱ्यांत, छापखान्यांत, घरांत अशी किती पानं पडून असतील जी एका फॉन्टच्या आणि एका पीसीच्या भरवशावर मराठी आहेत? पीसी भंगारात गेला की ती पानं सुद्धा गेली. म्हणून पीसी कधी टाकायचा हा निर्णय दुसऱ्याच्या हातात असणं मला परवडत नाही. नऊ वर्षांच्या सिलिकॉनवर माझा जीव नाही. त्या पानांत माझे आजोबा आहेत.

"तू आयटीवाला आहेस म्हणून तुला जमलं, सगळ्यांनी काय करायचं?" अगदी खरं आहे. हा माझ्या बाजूचा सगळ्यात लंगडा मुद्दा आहे आणि मी तो झाकणार नाही. विंडोज ११ आडमार्गाने त्या पीसीवर बसवणंही मला जमलं असतं. पण अशा मशीनला अपडेट मिळण्याचा हक्क नाही असं मायक्रोसॉफ्ट स्पष्ट सांगतं. मग दर वर्षी नवी आवृत्ती आली की मी जाऊन जुगाड करायचा. बाबांना जुगाड नकोय, आठ वर्षांपूर्वीही नको होता. म्हणून तर त्यांनी परवाना घेतला होता.

पण "सगळ्यांना जमत नाही" ही परिस्थिती आभाळातून पडली का? महाराष्ट्रात २००१ पासून एमएस-सीआयटी शिकवतात. सरकारी कारकुनाच्या नोकरीला तो दाखला मागतात. त्यातून लाखो लोक काय शिकून बाहेर पडले? संगणक म्हणजे विंडोज, लिहिणं म्हणजे वर्ड, हिशेब म्हणजे एक्सेल. (आमच्याकडे कित्येकांना त्यातलं एमएस म्हणजे मायक्रोसॉफ्टच वाटतं. ते "महाराष्ट्र स्टेट" आहे!) केरळने २००० च्या दशकातच आपल्या सरकारी शाळा मुक्त सॉफ्टवेअरवर नेल्या. तिथल्या मुलांना लिनक्स म्हणजे काही आयटीवाल्यांची मंत्रविद्या वाटत नाही. जमणं न जमणं हे शिकवण्यावर असतं, आणि काय शिकवायचं हे आपणच ठरवलं होतं.

मला कंपन्यांकडून फुकट काही नको. जन्मभराचा सपोर्ट पण नको. तीन गोष्टी हव्यात. पहिली, जे मशीन चालू शकतं त्याला माझ्या जबाबदारीवर नवी आवृत्ती चालवू द्या, आणि अपडेट रोखून धरू नका. दुसरी, पॅच लिहिला जाणारच असेल तर तो रास्त पैशात, खात्याचा टोलनाका न लावता द्या, आणि युरोपला एक न्याय आणि भारताला दुसरा असं करू नका. तिसरी, नवं मशीन विकतानाच खोक्यावर छापा की याला अमुक तारखेपर्यंत सपोर्ट आहे. औषधाच्या पाकिटावर असते तशी तारीख. बिस्किटाच्या पुड्यावरही असते, पन्नास हजारांच्या वस्तूवर का नाही? तिसरी तर आपलं सरकार उद्या करू शकेल. ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी पोर्टल काढलंच आहे. त्याच न्यायाने सॉफ्टवेअर हा पण एक सुटा भाग समजा.

आणि तुम्ही-आम्ही? आपल्यापैकी निम्मेअधिक याच धंद्यात आहोत. पुढच्या वेळी "अधिक चांगल्या अनुभवासाठी" असं लिहायची वेळ आली की निदान खरं कारण लिहा. मी लिहिणार आहे. मॅनेजर कापेल, मग बघू. आणि घरचा पीसी "जुना झाला" म्हणून भंगारवाल्याला द्यायच्या आधी एक शनिवार त्याला द्या. एसएसडी टाकून बघा. पेन ड्राइव्हवरून लिनक्स चालवून बघा, काही न पुसता चालतं. आई-बाबांच्या फाइली कुठल्या फॉन्टमध्ये आहेत ते तर आजच बघा. आणि नवाच घ्यावा असं ठरलं तर घ्या, पण आपण ठरवून घ्या.

गेल्या रविवारी बाबांनी इनस्क्रिप्टमध्ये पहिलं पूर्ण पान टाइप केलं. दीड तास लागला. दोनदा वैतागून उठले, मला आणि लिनक्सला मिळून काहीबाही बोलले. मग म्हणाले, "ते विंडोजचे पैसे परत मिळतील का रे?"

"नाही बाबा."

"मग?"

आज दुपारी जेवण झालं की पुढची चार पानं तपासायला बसायचंय.